ओल्या थंडीत हात का बधिरतात, आणि सॅकमध्ये दुसरा जोड का हवा

डिसेंबरातली पहाट होती. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावच्या काठावरून नाव सुटली, तेव्हा पाण्यावर धुक्याची साय धरली होती. पुण्याहून चारला निघून शंभरेक किलोमीटर दुचाकीवर आले होते. नावेत चढताना कडेला हात टेकला आणि लोकरीचा हातमोजा दवाने आणि नावेतल्या पाण्याने ओला झाला. लक्ष पक्ष्यांकडे असल्यामुळे मी तो तसाच ठेवला. वीस मिनिटांनी पट्टकादंबांचा थवा उठला. कॅमेरा डोळ्याला लावला, बोट शटरवर ठेवलं, पण बटण किती दाबलं गेलंय हेच कळेना. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, इतकी साधी गोष्ट. बोट माझं होतं, पण त्याच्याकडून काही निरोप येत नव्हता. थवा डोक्यावरून निघून गेला.

नावाडी दादांनी मागून सांगितलं, "ताई, हात काखंत घाला जरा. आता ती बोटं काई कामाची न्हाईत."

त्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. का बरोबर होता हे समजून घ्यायला मला पुढे बराच वेळ लागला, आणि ते समजल्यावर माझी सगळी तयारीच बदलली. आधी मी "चांगला" हातमोजा शोधत होते. आता मी असं गृहीत धरते की कुठलाही हातमोजा ओला होणारच, आणि त्यानंतर काय करायचं ते घरून ठरवून निघते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तो थंड देशांतल्या बदकांच्या शिकाऱ्यांना. दलदलीत तासन्‌तास हालचाल न करता बसायचं, वरून पाऊस, खाली चिखलपाणी, आणि नेमक्या क्षणी एकच बोट नीट चाललं पाहिजे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि मला तरी पक्षी उडताना दिसलेलाच आवडतो. पण चापावरचं बोट आणि शटरवरचं बोट यांची अडचण एकच. पावसाळ्यात राजगडाच्या चोर दरवाजाजवळ ओलं लोखंडी रेलिंग धरून चढणाऱ्याची आणि जानेवारीत पहाटे सोलापूर रस्त्याने दुचाकी हाकणाऱ्याची अडचणही तीच.

सुरुवात शरीरापासून करू. आपल्या पंजात स्नायू फार थोडे आहेत. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात आणि तिथून बोटं ओढली जातात. एका हाताने दुसरा हात कोपराच्या थोडा पुढे धरा आणि मूठ उघडझाप करा, आत हालचाल जाणवेल. स्नायू काम करताना उष्णता तयार करतात. पंजात स्नायूच कमी, म्हणजे त्याची स्वतःची चूल फार छोटी. त्याला ऊब मिळते ती मुख्यतः रक्तातून. त्यात बोटं बारीक आणि लांबट, म्हणजे आत साठवण कमी आणि बाहेर हवेला लागणारी कातडी भरपूर. एक मोठा बटाटा आणि चार शेंगा एकाच वेळी उकळत्या पाण्यातून काढून ताटात ठेवा. आधी शेंगा गार होतात.

आता हे रक्त हाताकडे किती पाठवायचं याचा निर्णय हात घेत नाही. शरीराचं पहिलं काम असतं हृदय, मेंदू, पोटातले अवयव 37 अंशांच्या आसपास राखायचं. थंडी वाजायला लागली की बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. उष्णता बाहेर सांडू नये म्हणून शरीर टोकाकडचा नळ बंद करतं. म्हणून छाती आणि डोकं गारठलेलं असताना हातात कितीही जाड मोजा घातला तरी उपयोग होत नाही. मोजा ऊब तयार करत नाही, आलेली ऊब धरून ठेवतो. ती आलीच नाही तर धरणार काय? माझ्या त्या पहाटेची खरी चूक इथे होती. दुचाकीवर शंभर किलोमीटर साध्या जॅकेटमध्ये आले, गळ्याला काही नव्हतं. नावेत बसायच्या आधीच शरीराने बोटांचा पुरवठा तोडलेला होता. नावाडी दादांच्या अंगात स्वेटर, त्यावर जॅकेट, कानाला मफलर होता. हात मात्र उघडेच. आणि ते वल्हवत होते, मी पुतळ्यासारखी बसून होते. दंडाचे, पाठीचे स्नायू चालू असले की शरीराकडे उष्णता शिल्लक राहते, आणि ती शिल्लक हातांकडे जाते.

यात एक गमतीदार बारकावा आहे. ब्रिटिश वैद्यक-संशोधक थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये नोंदवलं की बोट बर्फाच्या पाण्यात धरलं तर ते गार होत जातं, पण पाच-दहा मिनिटांनी आकसलेल्या रक्तवाहिन्या आपोआप सैल होतात आणि बोट थोडं गरम होतं. मग पुन्हा गार, पुन्हा गरम, अशी उघडझाप चालू राहते. इंग्रजीत या चढउताराला नाव पडलंय ते 'हंटिंग' या शिकारीच्याच शब्दावरून, पण तिथे त्याचा अर्थ योग्य जागा चाचपडत राहणं असा आहे. वर्षानुवर्षं थंड पाण्यात जाळी ओढणाऱ्यांचे हात पाण्यात इतरांपेक्षा उबदार राहतात, हे कॅनडातल्या गॅस्पे भागातल्या मासेमाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं आहे. पण अख्खं शरीरच गारठलेलं असेल तर ही उघडझाप मंदावते. पुन्हा गोष्ट तिथेच येते: आधी अंग, मग हात.

गार बोटं बेंगरूळ का होतात? एक तर मज्जातंतूंमधून संदेश सावकाश जातो, आणि सांध्यांतलं वंगण घट्ट होतं. बोटांची कातडी साधारण 15 अंशांच्या खाली गेली की बारीक कामं जमेनाशी होतात: चेन लावणं, गाठ सोडणं, बकल काढणं. 8 अंशांच्या आसपास स्पर्शच नीट कळत नाही. हे आकडे हवेचे नाहीत, कातडीचे आहेत. म्हणून "पुण्यात कुठे एवढी थंडी असते" असं कुणी म्हटलं की मी थांबवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 8-10 अंशांवर येणं नेहमीचं आहे, आणि 10 अंशांच्या हवेत ताशी 60 किलोमीटरने गाडी चालवली तर उघड्या कातडीला ते सुमारे 5 अंशांसारखं लागतं. हा हिशोब कोरड्या हाताचा. ओल्या हाताचं गणित याहून फार वेगळं आहे.

पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर, कापूस, फ्लीस यांत खरी ऊब धरणारी गोष्ट धागा नसून धाग्यांमध्ये अडकलेली हवा असते. मोजा भिजला की त्या हवेच्या जागी पाणी येतं, आणि पांघरुणाचं रूपांतर उष्णता उपसणाऱ्या वस्तूत होतं. त्यावर वारा लागला की बाष्पीभवन सुरू होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते (या विज्ञानातल्या छोट्या कॅलरी, जेवणाच्या नव्हेत). घट्ट पिळल्यावरही मोज्यांच्या जोडीत 30 ग्रॅम पाणी राहिलं असं धरा. ते वाळवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढ्यात टपरीवरच्या दोन कप चहाचं पाणी उकळीला येईल. ही उष्णता वाऱ्यातून येत नाही, बरीचशी तुमच्या हातातून जाते. "घातल्या घातल्या वाळेल" असं म्हणून ओला मोजा हातातच ठेवणारे लोक स्वतःच्या बोटांवर दोन कप चहा उकळत असतात, आणि तेही बोटांकडे रक्त येत नसताना.

या पाण्याचे रस्ते दोन. बाहेरून पाऊस, दव, चिखल हा एक. आतून घाम हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याचाच विचार करतात.

बाहेरचं पाणी पूर्ण अडवायचं तर रबरासारखा अखंड पदार्थ हवा. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांतून कामगारांचे रबरी हातमोजे मिळतात. ते लोकरीच्या पातळ मोज्यावर चढवले तर पाऊस आत येत नाही. पण सिंहगडाची चढण चढताना तळहाताला घाम सुटतो, त्याला जायला वाट नसते, आणि अर्ध्या तासात आतला मोजा बाहेरून एक थेंब न लागता दमट होतो. दुकानात ज्यावर "वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल" लिहिलेलं असतं, त्या महाग मोज्यांत या दोन्हीवर उपाय म्हणून एक पातळ पडदा असतो. 1969 मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचा पट्टा झटक्याने ताणून पाहिला आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबाच्या मानाने फारच लहान, वाफेच्या कणाच्या मानाने बरीच मोठी. थेंब बाहेर अडतो, वाफ बाहेर जाते. कल्पना सुंदर आहे. पण वाफ बाहेर का जाईल? आत ती दाट आणि बाहेर विरळ असेल तर. बर्फाळ, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. जुलैत ताम्हिणीच्या ढगात उभं राहिलात तर बाहेरची हवा आधीच वाफेने ठासून भरलेली असते, त्यामुळे वाफ निघण्याचा वेग बराच मंदावतो. शिवाय बाहेरचं कापड पाणी पिऊन जड झालं की छिद्रांवर पाण्याचाच थर बसतो. आपल्या पावसाळ्यासाठी असे मोजे घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण कुणी हजारो रुपये घालून हात दिवसभर कोरडा राहील अशी आशा करत असेल तर ती फोल आहे. माझाही एक महागडा जोड राजगडावर दोन तासांत आतून ओला झाला होता.

कापडांत फरक मात्र जरूर करा. सुती मोजा पाणी पितो आणि धरून बसतो, तो ओल्या थंडीत नकोच. फ्लीस म्हणजे पॉलिस्टरचा धागा, तो स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. झटकला, पिळला की बरीच हवा परत आत येते. लोकरीचं वागणं सगळ्यांत वेगळं. तिचा धागा बाहेरून खवलेदार आणि तेलकट, त्यामुळे थेंब पटकन मुरत नाही. पण धाग्याचा गाभा वाफ ओढून घेतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि तरीही हाताला ओला लागत नाही. वाफ शोषताना ती थोडी उष्णता सोडतेसुद्धा. हे आपल्या लोकांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. मावळात भातलावणीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन बांधावर उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. दख्खनी मेंढीच्या जाड, खरखरीत लोकरीची ती घोंगडी बाहेरून भिजून जड झालेली असते आणि आतला माणूस उबेत असतो. खोळीच्या आत हात छातीशी धरलेले असतात. नावाडी दादांनी सांगितलेली काख आणि ही खोळ, दोन्हीत विचार एकच: हात पुन्हा अंगाच्या उबेशी न्यायचे.

पाणबुडे वापरतात त्या निओप्रिनच्या मोज्यांत हवेचे बंद बुडबुडे असतात. ते भिजले तरी बुडबुड्यांत पाणी शिरत नाही, म्हणून ऊब टिकते. सतत पाण्यात हात घालायचा असेल तर हा चांगला पर्याय आहे. चालण्यासाठी मला ते घट्ट वाटतात. आणि घट्टपणा हा मोज्याचा मोठा दोष. मोजा आवळला की आधीच कमी झालेलं रक्त आणखी अडतं आणि आतली हवाही दाबली जाते. एकावर एक दोन मोजे घालायचे असतील तर बाहेरचा एक माप मोठा घ्या. मूठ पूर्ण वळली पाहिजे, आत बोटांची टोकं हलली पाहिजेत.

बोटं वेगळी असलेल्या मोज्यापेक्षा चार बोटं एका पिशवीत असलेला मोजा जास्त उबदार असतो, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात आणि उघडी कातडी कमी होते. पण त्यात शटर दाबता येत नाही. म्हणून थंड देशांतले शिकारी आणि छायाचित्रकार दोन्ही एकत्र करतात: आत पातळ लोकरीचा मोजा, वर टोपीसारखं उलटून मागे टाकता येणारं झाकण असलेली पिशवी. क्षण आला की झाकण मागे, काम झालं की पुन्हा पुढे. त्यांच्याकडे आणखी एक जुनी युक्ती आहे, कमरेला बांधायची दोन्ही बाजूंनी उघडी अशी जाड कापडाची नळी. दोन्ही हात त्यात घालून बसायचं. मी घरी जुन्या फ्लीसच्या जॅकेटची बाही कापून, त्यावर रेनकोटचं कापड शिवून तशी नळी केली आहे. नावेत बसण्याच्या कामाला मला तरी याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

मनगटाबद्दल थोडं. नाडी बघायला आपण मनगटावर बोट ठेवतो, कारण तिथे धमनी कातडीच्या अगदी जवळ असते. त्याच जागी मोजा आणि बाही यांच्यात दोन इंचांची फट राहिली तर पंजाकडे जाणारं रक्त वाटेतच गार होतं. जुन्या लोकरी पायमोज्याचा वरचा भाग कापून मनगटी करा, अंगठ्यासाठी एक भोक पाडा. आणि पावसात बाही कुठे ठेवायची हे हाताच्या जागेवरून ठरवा. गाडी चालवताना, उतरताना हात खाली असतो, पाणी बाहीवरून खाली ओघळतं, तेव्हा बाही मोज्यावर हवी. दुर्बीण डोळ्याला लावून बसलात किंवा रेलिंग धरून वर चढत असाल तर पाणी बोटांकडून कोपराकडे उलटं वाहतं, तेव्हा मोजा बाहीवर घ्या. हे चुकलं तर उत्तम मोजासुद्धा दहा मिनिटांत पाण्याने भरतो. दुचाकीवाल्यांनी हँडलला लावायचे झाकणासारखे कव्हर घ्यावेत. वारा आणि पाऊस दोन्ही हातापर्यंत पोचायच्या आधीच अडतात.

आता दुसऱ्या जोडाची गोष्ट. माझ्या सॅकमध्ये मोज्यांचे तीन जोड असतात. पहिला चढण्यासाठी, स्वस्त आणि पातळ, तो भिजणार हे ठरलेलं. चढताना अंग तापलेलं असतं, थोडा ओलावा चालतो. दुसरा जाड लोकरीचा किंवा फ्लीसचा, झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद केलेला. तो फक्त थांबल्यावर निघतो. तिसरा तसाच बंद, अडीअडचणीसाठी, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी. बदलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात पंचाने नीट पुसायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. मग हात काखेत किंवा पोटाशी दोन मिनिटं. मग कोरडा मोजा. ओल्या हातावर कोरडा मोजा चढवला तर तोही वाया जातो. आणि हे बोटं बधिर व्हायच्या आधी करायचं, कारण बधिर बोटांना झिपलॉक उघडत नाही. एका पावसाळ्यात राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून उतरल्यावर आमच्यातल्या एका मुलीला सॅकचं बकल काढता येईना. आत कोरडं सगळं होतं. ती रडकुंडीला आली होती. मी बकल काढून दिलं, जोड बदलून दिला, वीस मिनिटांनी बोटांत कळा सुरू झाल्या. त्या कळा म्हणजे रक्त परत येतंय. वाईट दुखतं, पण ते चांगलं लक्षण.

रक्त लवकर परत आणायचं असेल तर उभं राहून हात खांद्यापासून गोफणीसारखा गरागरा फिरवा, वीस-तीस वेळा. फिरण्याच्या जोराने रक्त बोटांकडे ढकललं जातं. शेजारच्याला लागणार नाही एवढं बघा. गूळ-शेंगदाण्याचा लाडू, गरम चहा यांनी आतली चूल पेटती राहते. सिगारेट मात्र नको, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. दारूने उलट होतं: हात तात्पुरते गरम वाटतात, आणि अंगाची उष्णता बाहेर निघून जाते.

पाकीट फोडून हलवायच्या गरम पुड्या आता पुण्यातही मिळतात. त्यात लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी असतं. हवा लागली की लोखंड गंजतं आणि गंजताना उष्णता निघते. म्हणजे तिला प्राणवायू लागतो. रबरी मोज्यात कोंबली किंवा पावसात भिजली की ती विझते, आणि लोक म्हणतात पुडी खराब निघाली. ती खिशात किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटीवर ठेवा, उघड्या कातडीवर नको. दुसऱ्या प्रकारात पारदर्शक पिशवीत सोडियम अ‍ॅसिटेटचं द्रावण आणि धातूची चकती असते. चकती टिचकवली की द्रावण गोठतं आणि पिशवी 54 अंशांपर्यंत गरम होते. ऊब अर्धा-एक तासच, पण हिला हवा लागत नाही, आणि घरी पाण्यात उकळली की पुन्हा वापरता येते. पावसाळ्यासाठी मला हीच बरी वाटते.

खूप वेळ ओल्या राहिलेल्या बोटांवर सुरकुत्या पडतात. कातडी पाणी पिऊन फुगते असं मला शाळेत सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते मज्जासंस्थेचं काम आहे: बोटाकडे जाणारा मज्जातंतू तुटलेला असेल तर त्या बोटावर सुरकुत्या पडतच नाहीत. ओली वस्तू पकडायला त्या मदत करतात, असं 2013 मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं, पण त्यावर अजून एकमत नाही. तरी सुरकुतलेली कातडी मऊ झालेली असते, कातळावर लगेच सोलवटते, एवढं मी अनुभवाने सांगते.

थोड्याशा गारव्यानेही बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होत असतील तर ते नुसतं गारठणं नव्हे. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी 1862 मध्ये याचं वर्णन केलं, आणि हा त्रास स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. दोन्ही बाबतीत डॉक्टरांना दाखवा. हिमालयात हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की शून्याखालच्या थंडीत बोट पांढरं, कडक, मेणासारखं झालं तर ते चोळायचं नाही आणि शेकोटीवर धरायचं नाही. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

घरी आल्यावर मोजे वाळवणं हे आपल्या जुलैतलं अवघड काम. लोकरीचे मोजे गरम पाण्यात घातले तर आटतात, साध्या पाण्यात खळबळून काढा. पिळायचे नाहीत, पंचात गुंडाळून दाबायचे. मग आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे, थेट बोटांच्या टोकापर्यंत. दोन तासांनी बोळे ओले झालेले असतात, ते बदलायचे. रात्री मोजे रिकाम्या बाटल्यांवर बोटं वर करून उभे ठेवायचे आणि पंखा लावायचा. रविवारी भिजलेला जोड माझ्याकडे मंगळवारी संध्याकाळी पिशवीत परत जातो.